धंद्यांच्या नव्या वाटा : गोल्फच्या मैदानाचा रचनाकार



आजच्या भाषणाचं नाव ऐकून सानगडी-साकोलीकडचे एखादे आजोबा म्हणतील, "गुरुजी, आमच्या धानाच्या बांधीत हा गोल्फ कुठं उगवणार?" शंका रास्त आहे. गोल्फ हा श्रीमंतांचा खेळ. आपल्या भंडारा जिल्ह्यात तो खेळणारा माणूस शोधावा लागेल. पण मी आज खेळाविषयी फार बोलणार नाही. तो खेळ ज्या जमिनीवर खेळतात, ती जमीन आखणाऱ्या माणसाविषयी बोलणार आहे. त्या माणसाचं खरं भांडवल कोणतं, हे पाहिलं तर ते आपल्या गावात पडून आहे असं दिसेल. आपण त्याला भांडवल म्हणत नाही, एवढाच फरक.

प्रथम खेळ काय तो थोडक्यात सांगतो. लहानसा पांढरा चेंडू, तो टोलवायला लांब दांड्याची काठी, आणि जमिनीत एक खळगा. गोट्या खेळताना मुलं करतात तसाच, पण मापाचा : सव्वाचार इंच व्यासाचा. चेंडू कमीत कमी टोल्यांत त्या खळग्यात घालायचा. असे अठरा खळगे. एकेक खळगा शेदोनशे ते पाचशे-साडेपाचशे पावलांवर. स्कॉटलंडमध्ये सेंट अँड्र्यूज नावाचं समुद्रकाठचं गाव आहे, तिथं १७६४ साली फेरी अठरा टप्प्यांची झाली आणि पुढं तीच रीत जगभर गेली. एवढ्या सगळ्याला जागा लागते साधारण सव्वाशे ते दीडशे एकर.

आता गंमत अशी की क्रिकेटचं मैदान कुठंही सारखंच असतं, सपाट. हॉकीचं, कबड्डीचंही तसंच. गोल्फचं मैदान मात्र जगात एकासारखं दुसरं नाही. कुठं टेकडी, कुठं ओढा, कुठं तळं, कुठं जुनी झाडं. जमीन जशी असेल तसा खेळ. म्हणून या खेळात मैदान आखणारा हा स्वतंत्र धंद्याचा माणूस झाला. इंग्रजीत त्याला गोल्फ कोर्स आर्किटेक्ट म्हणतात. आपण रचनाकार म्हणू.

हा रचनाकार करतो काय? त्याचं पहिलं काम चालणं. जमीन पायांखाली घालायची. सकाळी, दुपारी, आणि जमलंच तर भर पावसात. उंचवटा कुठं, पाणी कुठून येतं, कुठं थबकतं, कुठून निघून जातं, वारा कोणत्या बाजूचा, सकाळचं ऊन खेळणाऱ्याच्या डोळ्यांत तर येणार नाही ना, हे सगळं पाहायचं. मग समान उंचीच्या रेषांचा नकाशा समोर घ्यायचा आणि अठरा टप्प्यांची माळ ओवायची. एक टप्पा संपला की दुसरा जवळच सुरू व्हावा, माणूस थकू नये, एकाचा चेंडू दुसऱ्याच्या डोक्यात बसू नये. ही माळ ओवणं हेच त्याचं सर्वांत अवघड काम. पुढची सगळी शोभा तिच्यावर अवलंबून असते.

त्यानंतरचं काम पाण्याचं. खळग्याभोवतीची जी बारीक गवताची गादी असते, तिच्यावर पाणी क्षणभर थांबता कामा नये, आणि गवत तर हिरवं राहिलं पाहिजे. म्हणून अमेरिकेतील गोल्फ संघटनेनं १९६० साली एक पद्धत छापून प्रसिद्ध केली. तळाला पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या, त्यांच्यावर चार इंच गिट्टी, आणि तिच्यावर बारा इंच रेतीचं मिश्रण. पाऊस आला की जास्तीचं पाणी खाली झिरपून नळीनं निघून जातं, आणि मुळांपुरता ओलावा रेतीत राहतो. वरून पाहणाऱ्याला नुसतं गवत दिसतं. खरी कारागिरी मातीखाली असते. गादीला उतारही द्यायचा तो नजरेला जाणवेल न जाणवेल असा, शंभर फुटांत दोनेक फुटांचा.

शेतकरी मंडळी, जरा विचार करा. आपली धानाची बांधी पाणी अडवण्यासाठी असते, तर ही गादी पाणी घालवण्यासाठी. काम उलट, पण विद्या एकच. चार बोटांचा उतार चुकला तर तुमच्या बांधीत एका कोपऱ्यात धान बुडतो आणि दुसऱ्या कोपऱ्यात वाळतो. रचनाकाराची गादीही तशीच बिघडते.

हा धंदा कोणी उभा केला? मोठमोठ्या पदव्यांच्या लोकांनी, असं तुम्हाला वाटेल. तसं नाही. या धंद्यातील पहिला मोठा माणूस टॉम मॉरिस, जन्म १८२१, गाव तेच सेंट अँड्र्यूज. एका विणकराचा मुलगा. आपल्या मोहाडी-पवनीच्या विणकरांच्या घरात जसा जन्मावा तसा. लहानपणी तो चेंडू शिवणाऱ्या कारागिराच्या हाताखाली राहिला. पुढं १८५१ साली प्रेस्टविक नावाच्या गावी मैदान राखण्याच्या नोकरीवर गेला आणि तिथलं मैदान त्यानंच आखलं. ब्रिटनची सर्वांत मोठी स्पर्धा त्यानं चार वेळा जिंकली. पण त्याचं नाव टिकलं ते आखलेल्या मैदानांमुळं. गवतावर रेती पसरली की ते दाट येतं, ही गोष्ट त्यानं हेरली. रेतीची गाडी चुकून कलंडली आणि तिथलं गवत चांगलं आलेलं त्याला दिसलं, असं सांगतात. गोष्ट खरी असो वा रचलेली, चुकून सांडलेल्या रेतीकडे वळून पाहणारी नजर मात्र खरी.

त्याच्याकडे शिकायला आलेला एक तरुण डोनाल्ड रॉस. जन्म १८७२, बाप गवंडी, स्वतः सुताराच्या हाताखाली शिकलेला. १८९९ साली तो अमेरिकेला गेला आणि आयुष्यभरात चारशेच्या आसपास मैदानं त्यानं आखली. पाइनहर्स्टचं त्याचं मैदान १९०७ साली खुलं झालं. आजही जगातले उत्तम खेळाडू तिथं कसोटीला उतरतात.

तिसरा अ‍ॅलिस्टर मॅकेन्झी, हा डॉक्टर. दक्षिण आफ्रिकेत बोअर लोकांशी इंग्रजांचं युद्ध झालं, तेव्हा तो सैन्याबरोबर होता. बोअर हे शेतकरी. त्यांनी आपले खंदक असे खणले होते की समोरच्याला ती नुसती माळजमीन वाटावी. मॅकेन्झीनं ते पाहिलं आणि त्यावरून धडा घेतला, की माणसानं केलेली खोदाई निसर्गानंच केलेली वाटली पाहिजे. पुढं दवाखाना सोडून तो मैदानं आखू लागला. अमेरिकेतील ऑगस्टा इथलं जगप्रसिद्ध मैदान त्यानं बॉबी जोन्स या खेळाडूबरोबर आखलं. १९३४ च्या जानेवारीत तो वारला. त्या मैदानावरची पहिली मोठी स्पर्धा त्यानंतर थोड्याच महिन्यांनी झाली, ती पाहणं त्याच्या नशिबी नव्हतं.

चौथा रॉबर्ट ट्रेंट जोन्स, जन्म १९०६. इंग्लंडमधून अमेरिकेत आलेल्या साध्या कुटुंबातला मुलगा. दुसऱ्यांच्या काठ्यांची पिशवी वाहून पैसे मिळवणारा. या धंद्याचं शिक्षण तोवर कुठल्याच कॉलेजात नव्हतं. त्यानं कॉर्नेल विद्यापीठात जाऊन आपला अभ्यासक्रम आपणच जुळवला. शेतीशास्त्र, फळबाग, उद्यानरचना, पाण्याचं शास्त्र, मोजणी आणि अर्थशास्त्र. नोकरीच्या जाहिरातीत नसलेला धंदा त्यानं विषय जोडून तयार केला. विद्यार्थी मित्रांनो, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. १९४७ साली अमेरिकेत अशा रचनाकारांची पहिली संस्था झाली, तिच्या संस्थापकांत तोही होता.

विणकराचा मुलगा, गवंड्याचा मुलगा, एक डॉक्टर, एक पिशवी वाहणारा पोर. या चौघांत समान काय? जमिनीकडे पाहण्याची सवय. आणि ही सवय म्हटली की मला परदेशात राहावत नाही, आपल्या तलावांच्या मुलखात परत यावं लागतं.

भंडारा-गोंदियाला तलावांचे जिल्हे म्हणतात. हे तलाव बव्हंशी कोहळी समाजाच्या माणसांनी बांधले. हे लोक काशीकडून आले, गोंड राजांच्या आश्रयानं इथं वसले, आणि जो तलाव बांधील त्याला त्या पाण्याखालची जमीन मिळे, अशी परंपरा सांगतात. सानगडीहून फार दूर नसलेला नवेगावबांध पाहा. आज तो गोंदिया जिल्ह्यात आहे. १९९९ पर्यंत आपल्याच जिल्ह्यात होता. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी तो बांधला असं मानतात. टेकड्यांनी वेढलेली जागा हेरायची, त्यांच्यामधल्या खिंडींत पाळ घालायची, आणि अकरा-एक चौरस किलोमीटरांचं पाणी उभं करायचं. डोंगरानं जे बहुतेक करून ठेवलं आहे, त्यात माणसानं थोडंसंच घालायचं. मॅकेन्झीचा धडा याहून वेगळा नाही.

त्या काळी समान उंचीच्या रेषांचा नकाशा नव्हता. दुर्बिणीची मोजणी नव्हती. तरी पाणलोट किती, पाळीची उंची किती, जास्तीचं पाणी कुठून सोडावं म्हणजे पाळ फुटणार नाही, तुडूम कुठं ठेवावा म्हणजे शेवटच्या बांधीपर्यंत पाणी पोचेल, हे त्यांनी नेमकं ठरवलं. वरच्या बोडीचं पाणी खालच्या बोडीत, खालच्या बोडीचं मोठ्या तलावात, अशी पाण्याची माळ ओवली. मघाशी मी अठरा टप्प्यांची माळ म्हणालो, ती आठवा. अशा हजारो तलावांपैकी कित्येक आजही धानाला पाणी देतात. तेव्हा जमीन वाचण्याची विद्या स्कॉटलंडहून आणायला नको. तिची शाळा आपल्या पाळीवर आहे.

आणखी एक गोष्ट ऐकून तुम्हाला नवल वाटेल. उष्ण देशांतल्या गोल्फच्या मैदानांवर जे गवत लावतात, त्याचं इंग्रजी नाव बर्म्युडा ग्रास. हे गवत म्हणजे आपली हरळी. गणपतीला वाहतो ती दूर्वा, आणि शेतात आली की खुरप्यानं उपटून बांधावर फेकतो तीच. अमेरिकेत जॉर्जिया राज्यात टिफ्टन इथल्या संशोधन केंद्रात ग्लेन बर्टन या शास्त्रज्ञानं हरळीचा आफ्रिकेतल्या तिच्या एका बहिणीशी संकर करून बारीक पात्याच्या नव्या जाती काढल्या. एक १९५६ साली आली, दुसरी १९६० साली. आपण जिला तण म्हणतो, तिच्यावर एका माणसानं आयुष्य घालवलं.

रेतीचंही तसंच. टॉम मॉरिस गवतावर रेती पसरत होता. आपला शेतकरी उन्हाळ्यात तलावाचा गाळ गाडीनं नेऊन बांधीत पसरत होता. जमिनीचा कस वाढतो आणि तलावही खोल राहतो. राज्य सरकारनं २०१७ साली गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार अशी योजना काढली, ती याच जुन्या शहाणपणावर उभी आहे.

आता नाण्याची दुसरी बाजू. ती न सांगता या धंद्याची शिफारस करणं बरं नव्हे. गोल्फचं मैदान जमीन खातं आणि पाणी पितं. उन्हाळ्यात एका मैदानाला रोज काही लाख लिटर पाणी लागतं. ज्या गावी बाया हंडे घेऊन पहाटे रांग लावतात, तिथं असं मैदान करणं म्हणजे अन्यायच. गोव्यात पेडणे तालुक्यातल्या तेरेखोलला अशा मैदानाची योजना निघाली, तेव्हा २०१४-१५ च्या सुमारास गावातल्या कुळांनी आपल्या जमिनीच्या हक्कासाठी जोराचा विरोध केला आणि वाद न्यायालयापर्यंत गेला. ब्राझीलमध्ये रिओ इथं २०१६ साली ऑलिंपिकमध्ये गोल्फ ११२ वर्षांनी परत आला. तिथलं मैदान गिल हान्स या रचनाकारानं केलं. हा गृहस्थ स्वतः बुलडोझरवर बसून जमिनीला आकार देतो. पण त्या मैदानासाठी राखीव निसर्गक्षेत्राचा तुकडा घेतला म्हणून तिथंही मोठा वाद झाला.

म्हणून चांगल्या रचनाकाराची ओळख दोन गोष्टींनी होते. सांडपाणी शुद्ध करून वापरणं, कमी पाण्याचं गवत निवडणं, जुनी झाडं न तोडणं, हे त्याला यावंच लागतं. आणि एखादी जमीन पाहून, "इथं मैदान करू नका," असं मालकाच्या तोंडावर म्हणण्याची हिंमत लागते. ही हिंमत जमीन ओळखणाऱ्यालाच येते. नकाशावर नुसत्या रेघा ओढणाऱ्याला ती येत नाही.

या धंद्यात शिरायचं कसं? खरं सांगायचं तर भारतात नुसतं हेच काम करणारे लोक फार थोडे. कलकत्त्याचा गोल्फ क्लब १८२९ सालचा, ब्रिटनबाहेरचा सर्वांत जुना. मुंबईत चेंबूरला १९२७ पासून मैदान आहे. पुण्यालाही जुना क्लब आहे. पण नवी मैदानं वर्षाला मोजकीच होतात, आणि पुष्कळदा परदेशी नामांकित खेळाडूंना बोलावलं जातं. दिल्लीच्या मैदानाची फेररचना १९७० च्या दशकात ऑस्ट्रेलियाच्या पीटर थॉमसन यांनी केली. म्हणून मी एवढंच म्हणेन, की याच एका दारावर डोकं आपटू नका. या दारालगत पाच-सहा दारं आहेत आणि किल्ली एकच आहे. शहरातल्या बागा, नदीकाठ, क्रीडांगणं, विद्यापीठांची आवारं, खाणींनी उकरलेल्या जमिनी पुन्हा हिरव्या करणं, पाणलोटाची कामं, आणि आपल्या तलावांची दुरुस्ती, या सगळ्यांना जमीन वाचणारा माणूस हवा असतो.

वाटा अशा. चित्रकला आणि गणित दोन्ही बरं असेल तर बारावीनंतर वास्तुशास्त्राची पदवी आणि त्यावर भूदृश्यरचनेची पदव्युत्तर पदवी. वास्तुशास्त्र नागपुरात शिकता येतं. भूदृश्यरचनेचं पुढचं शिक्षण पुणे, अहमदाबाद, दिल्ली इथं मिळतं. मातीची आणि पिकाची आवड असेल तर कृषी पदवी. नागपूरचं कृषी महाविद्यालय १९०६ सालचं आहे आणि अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचा भाग आहे. घरची परिस्थिती लवकर कमावायला लावणारी असेल तर तंत्रनिकेतनात स्थापत्य पदविका किंवा आयटीआयमध्ये सर्व्हेअरचा अभ्यासक्रम. यांपैकी कोणत्याही वाटेनं गेलं तरी शेवटी अनुभवी माणसाच्या हाताखाली काही वर्षं धूळ खावी लागते. रॉसनंही तेच केलं होतं.

आता शाळेतल्या गुरुजींशी आणि बाईंशी थोडं बोलतो. आपला खेड्यातला मुलगा कॉलेजात येतो तेव्हा मला एक गोष्ट सलते. बापाबरोबर चिखलणी केलेला, बांधीला पाणी कुठून फोडायचं हे जाणणारा मुलगा अर्जावर "अनुभव" या रकान्यात "काही नाही" असं लिहितो. शहरातल्या मुलाला जे वर्षभर शिकवावं लागतं, ते याच्या पायांना ठाऊक असतं. फक्त त्याचं नाव त्याला ठाऊक नसतं. ते नाव त्याला देणं हे आपलं काम आहे.

त्यासाठी खर्च काही नाही. गवंडी वापरतात ती पारदर्शक नळी घ्या, पाण्यानं भरा. नळीच्या दोन टोकांतलं पाणी नेहमी एकाच पातळीला राहतं. दोन मुलं दोन काठ्या घेऊन वीस मीटर अंतरावर उभी करा. पाण्याच्या पातळीपासून जमिनीपर्यंतची उंची दोन्हीकडे मोजा. फरक चाळीस सेंटिमीटर आला तर उतार शेकडा दोन. झालं भूमितीचं एक प्रकरण. मग शाळेच्या आवाराचा उतार काढा, पुढं गावच्या बोडीचा. पावसाच्या दिवशी पाणी कोणत्या रस्त्यानं बोडीत येतं ते चित्रात दाखवायला सांगा. म्हाताऱ्यांना विचारून घ्या, की मोठ्या पुराच्या साली पाणी पाळीला कुठवर लागलं होतं. एका वर्षात गावच्या तलावाचा नकाशा तयार होईल, आणि तो पोरांच्या हातचा असेल.

या नकाशाची गरज खरी आहे. मालगुजारी १९५१ साली गेली आणि हे तलाव सरकारकडे आले. कायदा योग्यच होता, पण तलावाला रोज पाहणारा धनी गेला. आज आपण त्यांना मामा तलाव म्हणतो, म्हणजे माजी मालगुजारी. पुष्कळ तलाव गाळानं उथळ झाले, काहींच्या पोटात अतिक्रमणं आली, काहींत बेशरम माजली. अर्जुनी मोरगावच्या बाजूला धीवर समाजातल्या बाया अलीकडच्या वर्षांत तलावांत उतरून बेशरम उपटू लागल्या, माशांना उपयोगी अशा पाणवनस्पती लावू लागल्या. त्यांच्याजवळ पदवी नाही, पण पाण्याचा तळ त्यांना हातानं ठाऊक आहे. त्यांच्या जोडीला नकाशा करणारा, उतार मोजणारा, अंदाजपत्रक मांडणारा गावचाच एक शिकलेला मुलगा असेल, तर काम किती पुढं जाईल!

हा मुलगा उद्या पुण्यात बागा आखील, परदेशात गोल्फचं मैदानही आखील. आखू द्या. पण आपण कोणत्या विद्येच्या घरातले आहोत, हे त्याला कळलेलं असलं पाहिजे. तलाव बांधणाऱ्यांचे वारस आपल्याच तलावाला खड्डा म्हणू लागले, तर मग ते जगात कुठंही गेले तरी दुसऱ्यानं काढलेल्या नकाशावर माती वाहणारेच राहतील.

येत्या पावसाळ्यात पहिली मोठी सर आली की आपल्या मुलाला घरात बसवू नका. छत्री द्या आणि पाळीवर न्या. पाणी कुठून येतं, एवढंच त्याला विचारा.